मालकांचे उत्तर: कासाब्लांकाच्या दिवसाबद्दल

नमस्कार काका,

आमच्या मोरोक्को टूरला एक तारा देऊन लिहिलेला तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला आणि काकूंना मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "हसन दुसरे मशीद बाहेरूनच दाखवून बोळवण केली आणि दुपारपर्यंत पडक्या इमारती दाखवत फिरवलं" असं तुम्ही लिहिलंत. यावर गप्प बसलो तर आमच्या टूर लीडरवर अन्याय होईल.

त्या मशिदीत बिगरमुस्लिमांना मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. ठरलेल्या वेळी, गाइडबरोबरच आत सोडतात. त्यात शुक्रवार, म्हणजे जुम्म्याच्या नमाजामुळे दौरे कमी. आपली वेळ दहाची होती. बस साडेआठला सुटणार हे आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं, ग्रुपवरही टाकलं होतं. तुम्ही सव्वानऊला खाली आलात आणि वर "नाश्त्याचे पैसे भरलेत" म्हणून मध लावलेलं मसेमन (तिथली घडीची पोळी) निवांत खाल्लंत. पोटभर खा, त्याला ना नाही. पण बाकीची मंडळी बसमध्ये ताटकळत होती हो. वेळ चुकली ती सगळ्यांचीच. तो उंच मिनार आणि समुद्रात भराव घालून केलेलं बांधकाम त्यांनीही बाहेरूनच पाहिलं. त्यांच्यापैकी कोणी तुमच्यासारखा एकच तारा दिलेला नाही. दुपारच्या दौऱ्यापर्यंत थांबलो असतो तर माराकेशला पोचायला रात्र झाली असती.

आता "पडक्या इमारती". मोहम्मद पाचवे बुलेव्हार हा रुंद रस्ता आमच्या टूरचा जीव आहे. फ्रेंच अमलात नगररचनाकार आंरी प्रोस्तच्या आराखड्यानुसार वाढलेला हा भाग. खाली कमानींची सावली, वर लोखंडी नक्षीच्या बाल्कन्या, मध्येच झेलीजच्या, म्हणजे चकाकीच्या फरशीच्या, रंगीत तुकड्यांचा पट्टा. मान वर केली तरच दिसतं हे! मध्यवर्ती बाजारासमोरचं १९१७ चं हॉटेल लिंकन बरीच वर्षं पडीक होतं, कबूल. पण त्याची दर्शनी भिंत राखून मागे नवीन बांधण्याचं काम हाती घेतलं गेलं, तेच सांगायला लीडर तिथे थांबली होती. तुम्ही तेव्हा फोनवर होतात.

लहान धंदा आहे काका. चौकशीला फोन करणारे हल्ली आधी तुमचा रिव्ह्यू वाचून दाखवतात.

पुढच्या ग्रुपला कासाब्लांका शुक्रवारी येणार नाही असं बघतो, विमानाच्या वेळा जमल्या तर. मशिदीच्या तिकिटाचे पैसे आम्हाला परत मिळाले नाहीत, तरी तुमचे आम्ही देऊ. ऑफिसला अकरानंतर फोन करा, मी स्वतः उचलतो.