अध्यक्ष आणायचा कसा ते सोडा, काढायचा कसा ते सांगा

युरोपातल्या एखाद्या मोठ्या फुटबॉल क्लबात अध्यक्षपदाची निवडणूक लागली की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो. "हा आला तर कोणाले आणते बे?" म्हणजे कोणता खेळाडू. दुसरा मेसेज कोच कोण असेल याचा. मग कोणीतरी मीम टाकतो आणि निवडणुकीवरची चर्चा संपते. रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जागून मॅच बघणारी, ऑफसाइडच्या एका रेषेवरून अर्धा तास भांडणारी ही पोरं अध्यक्षाच्या बाबतीत मात्र फक्त यादी मागतात.

मी स्पेनमधल्या रिअल माद्रिदचा चाहता. आज आपल्याच क्लबाविरुद्ध लिहितोय, तेव्हा माद्रिदवाल्यांनी आधी पूर्ण वाचावं, मग शिव्या द्याव्यात. बार्सावाल्यांनी, म्हणजे बार्सिलोनाच्या चाहत्यांनी, लगेच खूश होऊ नये, त्यांचाही नंबर येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिलबाओ आणि ओसासुना या चार क्लबांना मालक नाही. १९९० च्या कायद्याने स्पेनमधल्या बाकीच्या व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावं लागलं, हे चार सभासदांचे राहिले. वर्गणी भरणारा सभासद मत देतो आणि अध्यक्ष निवडतो. आपल्याकडच्या पतसंस्थेसारखाच कारभार म्हणा, फक्त उलाढाल अब्जावधीची. तुम्हाआम्हाला अर्थातच मत नाही. माद्रिदचं सभासदत्व तर आता बहुतेक घराण्यातच चालतं, नवीन माणसाला दार जवळजवळ बंद. तरी जर्सी घेतो आपणच.

आता २००० सालची गोष्ट. लोरेन्झो सान्झ अध्यक्ष होते. त्यांच्या काळात माद्रिदने १९९८ मध्ये ३२ वर्षांनी युरोपियन कप (म्हणजेच आताची चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकला होता आणि २००० च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये व्हॅलेन्सियाला ३-० हरवून पुन्हा जिंकला. कप ताजा होता, लोक खूश होते, म्हणून सान्झ यांनी निवडणूक लवकर घेतली. आणि पडले. समोर फ्लोरेंतिनो पेरेझ नावाचा बांधकाम व्यवसायातला माणूस होता. त्याचं आश्वासन एकच पण जबरदस्त: बार्सिलोनाचा लुईस फिगो आणतो, नाही आणला तर सभासदांची वर्गणी मी भरतो. पेरेझना सोळा हजारांवर मतं पडली, सान्झना तेरा हजारांवर. फिगो आला, जगातला तेव्हाचा सगळ्यात महागडा खेळाडू म्हणून आला, आणि पुढे बार्साच्या मैदानात त्याच्या अंगावर डुकराचं मुंडकं फेकण्यापर्यंत प्रकरण गेलं.

फिगो सगळ्यांच्या लक्षात आहे. पुढच्याच वर्षी काय झालं ते कितीजणांना आठवतं? शहराच्या उत्तरेला मोक्याच्या जागी क्लबचं सरावाचं मैदान होतं. महापालिकेने जमिनीचा वापर बदलायला मंजुरी दिली, क्लबने जमीन विकली, सुमारे ४८ कोटी युरो मिळाले आणि कर्ज फिटलं. तिथे आज पाच गगनचुंबी टॉवर उभे आहेत. मैदानाचं आरक्षण बदललं की काय होतं, हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. मी हा व्यवहार वाईट होता असं म्हणत नाही, क्लब त्यामुळेच तरला असेल. मुद्दा एवढाच की अध्यक्षाने घेतलेला त्या काळातला सगळ्यात मोठा निर्णय जमिनीचा होता, आणि जग बोलत होतं ते फिगोवर.

२००६ मध्ये पेरेझ मध्येच राजीनामा देऊन गेले. त्यांच्यामागून आलेले रामोन काल्देरोन २००९ च्या जानेवारीत गेले, कारण सर्वसाधारण सभेत मतदानाचा हक्क नसलेली माणसं बसवून ठराव मंजूर करून घेतल्याची बातमी फुटली होती. (हे वाचून गालातल्या गालात हसलेल्या प्रत्येकाने आपल्या गावची सभा आठवली असणार.) मग पेरेझ परत आले. आणि इथून माझी खरी तक्रार सुरू होते.

२००९, २०१३, २०१७, २०२१, २०२५. पाचही वेळा बिनविरोध. २०१२ मध्ये नियम असे झाले की उमेदवार स्पॅनिश नागरिक हवा, सलग वीस वर्षांचा सभासद हवा, आणि क्लबच्या बजेटच्या पंधरा टक्के रकमेची बँक हमी स्वतःच्या मालमत्तेच्या जोरावर त्याने आणायला हवी. क्लबचं बजेट आता शंभर कोटी युरोंच्या पुढे गेलंय. हिशेब करा. रुपयात दीड हजार कोटींच्या वरची हमी झाली. एवढी पत असलेला, वीस वर्षं वर्गणी भरलेला, आणि चालू अध्यक्षाशी पंगा घ्यायची खुमखुमी असलेला माणूस अख्ख्या माद्रिदमध्ये किती मिळणार?

नियमांमागे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बाहेरचा कोणी पैशाची थैली घेऊन यावा, दोन वर्षं मिरवावं आणि क्लब बुडवून जावं, हे होऊ नये म्हणून वीस वर्षांची अट. तोटा झाला तर अध्यक्षाच्या खिशाला झळ बसावी म्हणून हमी. कागदावर दोन्ही चोख. पण दोन्ही एकत्र आले की मतपेटी बाहेर काढायची वेळच येत नाही. कोणी उभं राहायचं हेच आधी ठरलं की कोणाला निवडायचं हा प्रश्न उरत नाही.

यावर ग्रुपमधल्या एका मित्राने सुनावलं, "अबे, दुसऱ्यांदा आल्यापासून सहा चॅम्पियन्स लीग दिल्या त्या माणसाने. त्याले काऊन काढतं तू?" बरोबर आहे. २०१४, १६, १७, १८, २२, २४. मी पण नाचलोय प्रत्येक वेळी. पण मी त्यांना काढा म्हणत नाही. समोर कोणीतरी उभं राहू द्या म्हणतोय.

का, ते २०२१ च्या एप्रिलने दाखवलं. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पेरेझ चौथ्यांदा बिनविरोध निवडून आले. त्यानंतर आठवडाही उलटला नाही, तोवर १८ एप्रिलच्या रात्री युरोपातल्या बारा क्लबांनी सुपर लीगची, म्हणजे चॅम्पियन्स लीगला पर्याय म्हणून स्वतःच्या वेगळ्या स्पर्धेची, घोषणा केली आणि तिचे अध्यक्ष म्हणून नाव आलं पेरेझ यांचंच. इंग्लंडमध्ये चाहते रस्त्यावर उतरले, दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले, डाव मोडला. आता विचार करा. समोर एक जरी उमेदवार असता, पडणारा का होईना, तर प्रचारात कुठेतरी, एखाद्या मुलाखतीत, एखाद्या वादात त्याने विचारलं असतं की नाही, "साहेब, ती युरोपातल्या नव्या लीगची कुजबूज चालू आहे, त्याचं काय?" क्लबच्या शंभर वर्षांच्या इतिहासातला एवढा मोठा बदल, आणि निवडणुकीच्या आठवड्यात सभासदाला त्यावर एक प्रश्न विचारायची सोय नाही. विरोधी उमेदवार जिंकण्यासाठी लागतोच असं नाही. त्याने चारचौघांत प्रश्न विचारले तरी त्याचं काम झालं.

आपल्याकडे तर बिनविरोध म्हटलं की हारतुरे. वर्तमानपत्रात फोटो, "एकमताने निवड", खाली पंचवीस नावांची अभिनंदनाची यादी. गावांची ग्रामपंचायत बिनविरोध झाली तर विकासनिधी देऊ, असं पुढारी उघड जाहीर करतात. मग २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक रद्द करावी लागली, कारण तिथे बिनविरोधसाठी बोली लागली होती. एकमत नेहमी मनातून येतं असं नाही.

हे मी लांबून बोलत नाही. मी नागपुरातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचा सभासद आहे, नाव घेत नाही. आमच्या सभेची नोटीस येते तीच मुळी सभेच्या आदल्या दिवशी. दिलेल्या वेळेला पाचसहा जण, कोरम नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, त्याच पाचसहा जणांत सुरू. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कोणी वाचत नाही, कायम मात्र होतं. जमाखर्चाचा कागद एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो. त्यात गोलच्या जाळ्यांचे पैसे आहेत, चुन्याचे आहेत, पोरांच्या बुटांचे आहेत, आणि "किरकोळ" या नावाखाली बुटांपेक्षा जास्त आहेत. बोट ठेवलं की सचिव म्हणतात, "भाऊ, तुम्ही नवीन आहात." मी नवीन नाही. मग अध्यक्षपद. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ही नावं रजिस्टरमध्ये आधीच लिहून आणलेली असतात. टाळ्या. समोसा-चहा. ज्या पोराने मैदानावर उन्हातान्हात चुना मारला तो दाराशी उभा असतो, कारण तो सभासद नाही. वर्गणी त्याला परवडत नाही आणि माफ करायचा ठराव कोणी मांडत नाही.

म्हणून मला पोर्तोची गोष्ट इतकी आवडते. पोर्तुगालच्या या क्लबात पिंटो दा कोस्टा १९८२ पासून अध्यक्ष. बेचाळीस वर्षं! त्यांच्या काळात क्लबने दोनदा युरोपियन कप जिंकला, १९८७ आणि २००४. असा माणूस हलवायचा कोणी? २०२३ च्या नोव्हेंबरमधल्या सभेत विरोधात बोलणाऱ्या सभासदांना मारहाण झाली. पण पुढच्या एप्रिलमध्ये निवडणूक झाली तेव्हा लोक रांगा लावून आले आणि सुमारे ऐंशी टक्के मतांनी आंद्रे व्हिलास-बोआस निवडून आले. हे क्लबचेच जुने कोच, पोर्तोलाच २०११ मध्ये युरोपा लीग जिंकून दिलेले. म्हाताऱ्याचे कप कोणी नाकारले नाहीत. क्लबच्या म्युझियममध्ये ते आहेतच. लोकांनी एवढंच म्हटलं की आता पुरे.

आणि बार्सा. २०२० मध्ये बार्तोमेऊ अध्यक्ष असताना अविश्वासासाठी साडेसोळा हजारांच्या आसपास सह्या लागत होत्या, कोरोनाच्या काळात, मास्क लावून, सभासदांनी वीस हजारांवर गोळा केल्या. मतदान होण्याआधीच ऑक्टोबरमध्ये साहेबांनी राजीनामा दिला. मेस्सीसाठी कितीही रडलो तरी माझ्या दृष्टीने बार्साचा अलीकडचा सगळ्यात मोठा विजय हाच, आणि माद्रिदवाला असून हे मी हेव्याने म्हणतोय. पुढची निवडणूक मार्च २०२१ मध्ये झाली. जोआन लापोर्ता यांनी प्रचारात काय केलं, तर थेट माद्रिदमध्ये, आमच्या बर्नाबेऊ स्टेडियमजवळच्या इमारतीवर स्वतःचा भलामोठा फ्लेक्स लावला: तुम्हाला पुन्हा भेटायची घाई झालीय! फ्लेक्सच्या बाबतीत आपण जगात एक नंबर हा माझा गर्व त्या दिवशी उतरला. लापोर्ता ५४ टक्के मतांनी जिंकले. मेस्सीला तेच थांबवू शकतात असा त्यांचा प्रचार होता. ऑगस्टमध्ये मेस्सी पॅरिसला गेला. बघा, खेळाडूच्या नावावर मत देऊन काय मिळतं ते.

आता आपला देश. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, आपली फुटबॉलची लीग) बहुतेक क्लबांना मालक आहे, त्यामुळे तुम्हीआम्ही अध्यक्ष निवडायचा प्रश्नच नाही. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला तेव्हा बालेवाडीत ढोल वाजवणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. मोहन बागानसारख्या १८८९ च्या क्लबात सभासद आहेत, निवडणुका होतात, पण खेळणाऱ्या संघाच्या कंपनीत क्लबचा वाटा वीस टक्के. निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हातात मैदान आणि इतिहास, टीम दुसऱ्याच्या.

आणि महासंघात काय झालं? प्रफुल्ल पटेल, आपल्या गोंदियाचे, २००९ पासून भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष. मुदत डिसेंबर २०२० ला संपली, निवडणूक झालीच नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये फिफाने, बाहेरचा हस्तक्षेप आहे म्हणून, भारताला निलंबित केलं. गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. खेळायलाच मिळालं नाही, तशाच परत आल्या. शेवटी २ सप्टेंबरला निवडणूक झाली आणि कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियाला हरवलं, ३३ विरुद्ध १. भारतासाठी वर्षानुवर्षं खेळलेल्या भुतियाला एक मत. मत राज्य संघटनांचं, खेळाडूचं नाही, हे त्या एका आकड्यात कळतं. वेळेवर निवडणूक घेतली असती तर ताश्कंदच्या हॉटेलात बसून रडायची वेळ त्या पोरींवर आली नसती.

म्हणून उद्या माद्रिदला नवा अध्यक्ष निवडायची वेळ आली आणि चुकून दोन उमेदवार उभे राहिले, तर एम्बाप्पेनंतर कोण हे मला विचारू नका. मी त्या दोघांना एवढंच विचारीन: ती हमीची अट तू खाली आणशील का? किती सह्या जमल्या तर तू स्वतःहून मतदानाला सामोरा जाशील? बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा द्यायची वेळ आली तर सभासदाला आधी सगळे कागद देशील की फक्त हो-नाहीची चिठ्ठी? जो याची सरळ उत्तरं देईल त्याला, एकही स्टार आणला नाही तरी, माझं नसलेलं मत.

आमच्या क्लबची सभा पुढच्या महिन्यात आहे. मी अध्यक्षपदाचा अर्ज भरतोय. पडणार हे पक्कं, तरी भरतोय. नियमाप्रमाणे सूचक आणि अनुमोदक लागतो, सूचक मिळालाय, अनुमोदक घाबरून मागे सरकला. वर्गणी भरलेला, पावती जपून ठेवलेला कोणी सभासद हे वाचत असेल तर इनबॉक्समध्ये या. सचिवांनाही ही पोस्ट दिसेल याची कल्पना आहे. साहेब, जमाखर्चाचा कागद या वेळी दोन दिवस आधी पाठवा, "किरकोळ" सकट.