थंडोबा, 62 टक्के

टीममध्ये माझी निवड झाली ती कॅन्टीनमध्ये, समोसा खाताना. वर्गातली पाच मुलं टेबलासमोर रांगेत येऊन उभी राहिली, मुलगी पाहायला आल्यासारखी. त्यातल्या कप्तानानं घसा खाकरला. "हॅकेथॉनमध्ये येतेस का? सहावा मेंबर भेटून नाही राहिला."

"मला काय करावं लागेल?"

तो मुलगा प्रामाणिक आहे. म्हणाला, "करायचं असं काही नाही ना यार. एक मुलगी कम्पल्सरी आहे."

त्याचं चूक नव्हतं. हॅकेथॉन म्हणजे ठरलेल्या तासांत सलग बसून एखादं अ‍ॅप नाहीतर यंत्र बनवायची स्पर्धा. 2017 पासून देशभर जी स्मार्ट इंडिया हॅकेथॉन भरते, तिच्यात टीम सहा जणांची लागते आणि त्यात किमान एक मुलगी असावीच लागते. आमच्या कॉलेजनं आपल्या घरच्या हॅकेथॉनला हाच नियम जसाच्या तसा उचलला. त्या आठवड्यात आमच्या शाखेतल्या मुलींचे भाव संत्र्याच्या पहिल्या बहारासारखे चढले होते. माझ्या एका मैत्रिणीनं होकार द्यायच्या आधी तीन प्लेट गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, वसूल केली. मी एका समोशात गेले, आणि तोही अर्धा माझाच होता.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला. "छत्तीस तास? मंग झोपाचं कुठं?"

"झोपायचंच नसतं."

"आणि भेटते काय?" आई आतून.

"सर्टिफिकेट."

"रक्तदानाचं आहे ना मागच्या वर्षीचं."

बाबांना 'हॅक' या शब्दाची धास्ती होती. यूपीआय सुरू केल्यापासून त्यांना सगळीकडे तोच दिसतो. म्हणून मी त्यांना सांगितलं की हा शब्द 'मॅरेथॉन'ला जोडून केलाय. अशी पहिली म्हणतात ती 1999 च्या जूनमधली: कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी नावाची संगणकप्रणाली बनवणारे दहा प्रोग्रामर एकत्र जमले. अमेरिकेच्या कायद्यात गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवायला अडचणी होत्या, म्हणून ते कॅनडात बसून कोड लिहीत राहिले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "कॅनडात थंडी असते. बसतील नाही तर काय करतील. तुम्ही एप्रिलात कायले मरून राहिले?"

एप्रिलचा मुद्दा बिनतोड होता. नागपुरात एप्रिलच्या शेवटी पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो आणि त्याची बातमीही होत नाही.

आता विषय. आमच्या पाच बैठका झाल्या, त्यातल्या साडेतीन टीमचं नाव ठरवण्यात गेल्या. शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप हे तर प्रत्येक टीमचं असतंच. आमच्यातल्या एकाही जणानं कधी कपाशीचं बोंड हातात धरलेलं नव्हतं, तरी ते दोन दिवस चाललं. मग कोणीतरी 'महिला सुरक्षा' म्हणालं आणि पाचही जण एकदम माझ्याकडे पाहायला लागले, जणू उत्तर माझ्या पर्समध्ये असावं. मी वैतागून म्हटलं, "त्यापेक्षा कूलरचं पाणी संपलं की सांगणारं काहीतरी करा. आमच्याकडे दोनदा पंप जळला."

तेवढं एकच वाक्य बोलले. पण नागपूरच्या माणसाला कूलर म्हटलं की तो हळवा होतो. रात्री टाकी भरायची पाळी कोणाची, यावरून किती घरांत अबोला आहे! पाणी संपतं, पंप कोरडा फिरतो, जळतो, आणि सकाळी सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. विषय पक्का झाला. नाव पडलं 'थंडोबा'. पीपीटी करणाऱ्या मुलानं शुक्रवारीच सहा स्लाइड रंगवल्या आणि मधोमध मोबाईलचं चित्र टाकलं: निळी टाकी, वर लिहिलेलं '62 टक्के'. बासष्टच का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पन्नास खोटं वाटते."

यंत्र तसं साधं होतं. बर्डीच्या बाजारातल्या दुकानातून एचसी-एसआर04 नावाचा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणला. याचे दोन डोळे असतात. एक आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, दुसरा पाण्यावरून परतलेला प्रतिध्वनी पकडतो. गेल्या-आल्या वेळेवरून अंतर काढायचं, अंतरावरून पाणी. सोबत ईएसपी32 बोर्ड, जो वायफायवरून मोबाईलला कळवतो. बस.

शनिवारी सकाळी नऊला घंटा झाली आणि साठ-सत्तर पोरं लॅपटॉपवर तुटून पडली. हॉलमध्ये लोखंडी पत्र्याचे चार मोठे कूलर होते. खिडकीजवळचा आम्ही प्रयोगासाठी मागून घेतला. दुपारपर्यंत फक्त एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्या टीमचा यावर चर्चा चालली.

मला काम नव्हतं म्हणून मी सेन्सरचं गणित हाती घेतलं. आवाजाचा वेग वीस अंशांना सेकंदाला 343 मीटर असतो. सगळ्या तयार कोडमध्ये तोच टाकलेला. पण तापमान वाढलं की वेग वाढतो. त्रेचाळीस अंशांना तो सुमारे 357 होतो, म्हणजे नागपुरात आवाजसुद्धा सावली शोधत पळतो! मला स्वतःचा भलताच अभिमान वाटला. दोन तास बसून दुरुस्ती केली, कप्तानाला समजावली, त्यानं 'भारी' म्हटलं. मग पाणी प्यायला उठले, कूलरसमोरून गेले, गार वारा लागला आणि लक्षात आलं की सेन्सर कूलरच्या आत आहे. आत हवा थंडच असते. नाहीतर कूलर कशाला घेतो माणूस? गुपचूप 343 परत टाकलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

रात्री एकला पहिला बोर्ड गेला. हा सेन्सर पाच व्होल्टचा आणि बोर्ड जेमतेम 3.3 चा. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करावं लागतं. हे आमच्या हार्डवेअरवाल्याला माहीत होतं. त्यानं ते लावायचं 'नंतर' ठेवलं होतं. जळक्या वासानं शेजारच्या टीमचा झोपलेला मुलगाही उठला. दुसरा बोर्ड होता, तिसरा नव्हता, म्हणून त्यानंतर बोर्डाला हात लावायच्या आधी तो देवाला लावतात तसा कपाळाला हात लावायला लागला.

मग आकडे नाचायला लागले. पाणी तेवढंच, पण सेन्सर कधी सांगे टाकी काठोकाठ, कधी रिकामी. कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्यांवरून गळणारे थेंब मध्येच त्याच्या नजरेत येत होते. मी म्हटलं, टाकीत पाइपाचा तुकडा उभा करा आणि सेन्सर त्याच्या तोंडावर बसवा. आत पाणी शांत राहील, थेंब बाहेर पडतील. पाइप कॉलेजच्या बागेमागे सापडला. तो पहाटे साडेतीनला कसा कापला, हे विचारू नये. पण आकडे खरंच शांत झाले. कप्तान माझ्याकडे पहिल्यांदा मेंबरसारखा पाहायला लागला. आईनं डब्यात दिलेली संत्रा बर्फी मी तेव्हाच काढली, तोवर लपवली होती.

रविवारी पहाटे तर्री-पोहे. छत्तीस तासांतली ही दहा मिनिटं कोणी लॅपटॉप उघडला नाही. तर्री अशी होती की डोळ्यांतून पाणी आलं आणि झोप गेली. एकाच्या कीबोर्डावर तिचा थेंब पडला, त्याचं 'के' बटण अजून तांबडं आहे.

दिवस बाकी वाया गेला. कॉलेजचं वायफाय पाच गिगाहर्ट्झचं, आमचा बोर्ड फक्त दोन पॉइंट चारचं ओळखतो. हे कळायला दुपारचे तीन वाजले, तोपर्यंत आम्ही तिघांनी एकमेकांचा कोड चुकीचा ठरवला होता. शेवटी माझ्या फोनचं हॉटस्पॉट चाललं. सहाला परीक्षक आले.

तिघं होते. कप्तान छान बोलला. पंप जळण्याच्या प्रसंगी त्याचा आवाजही भरून आला, त्याच्या घरी एसी आहे तरी. मोबाईल पुढे धरला: निळी टाकी, 62 टक्के.

"यात एआय कुठं आहे?" पहिल्या परीक्षकांनी विचारलं.

"सर, फ्यूचर स्कोपमध्ये."

त्यांनी मान डोलावली. आणि तेवढ्यात टपटप थांबली. ताट्यांवरून पाणी पडायचं बंद झालं, पंखा कोरडा वारा फेकायला लागला, मग पंपाचा तो घोगरा घरघराट. नागपुरात वाढलेला माणूस गाढ झोपेतूनही या आवाजानं उठतो. हॉलमधल्या सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळल्या.

"पाणी संपलं वाटते," परीक्षक म्हणाले.

"नाही सर," कप्तान मोबाईलकडे पाहत म्हणाला, "62 टक्के आहे."

परीक्षकांनी बाही वर केली, ताटी सरकवून हात आत घातला, तळापर्यंत. हात बाहेर आला तो कोरडा, बोटाला वाळलेल्या गवताची एक काडी. ती त्यांनी कप्तानाच्या हातात दिली. "हे पण फ्यूचर स्कोपमध्ये लिहून घ्या."

मी पळत जाऊन पंपाचा प्लग काढला.

कोडमध्ये नंतर ती ओळ सापडली. पीपीटीवाल्यानं शुक्रवारी स्क्रीनचं चित्र काढायला म्हणून पातळी बासष्टवर बांधली होती आणि काढायची विसरला. सेन्सर बिचारा खरं सांगत होता, पाइपात बसून, शेवटपर्यंत. त्याला कोणी विचारतच नव्हतं. मला त्याच्याबद्दल जरा जवळीक वाटली.

बक्षीस शेतकऱ्यांच्या अ‍ॅपला गेलं. रात्री घरी आले ती जेवण न करता आडवी झाले. दोनच्या सुमाराला अंधारात आईचा आवाज आला, "अहो, ऐकता का? कूलर पाहा. संपलं पाणी." बाबा कुशीवर वळले. "तुह्या पोरीनं यंत्र केलं ना, तिले विचार."

उशाशी फोन होता. सेन्सर कप्तानाच्या बॅगेत, बॅटरी काढलेली. तरी अ‍ॅप उघडून पाहिलं.

62 टक्के.

मी उठले आणि बादली घेतली.