सबटायटलात सांडलेला विनोद

मराठी चित्रपटांना थिएटर मिळत नाही, ही तक्रार महाराष्ट्रात दर थोड्या महिन्यांनी नव्याने पेटते. २०१५मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी खेळ लावायला सांगितलं, तरी वाद मिटला नाही. तक्रार खरीच आहे. पण इथे ब्रिटनमध्ये अनेक गावांत मराठी चित्रपटाचा एखादाच खेळ होतो, तोही बहुधा शनिवार-रविवारी. इथून पाहताना जास्त खुपतं ते हे, की मिळालेल्या पडद्यावर आपण काय पाठवतो.

सबटायटलंच घ्या. प्रेक्षकांत इथे वाढलेली मुलं असतात, अमराठी सुना-जावई असतात. त्यांच्यापर्यंत विनोद पोहोचतो तो तळाच्या दोन ओळींतून. एका ओळीत साधारण ४० अक्षरं मावतात आणि ती सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. पुष्कळदा अख्खं लांब वाक्य एकदम टाकलेलं असतं. मग नट शेवटच्या शब्दावर यायच्या आतच वाचणारे हसून मोकळे होतात आणि त्या हशात खरा शब्द बुडतो. यावर उपाय सोपा आहे: वाक्य तोडायचं आणि हशाचा तुकडा नटाच्या तोंडून तो शब्द निघतानाच दाखवायचा.

अवघड आहे ते व्याकरणावर उभ्या असलेल्या विनोदाचं. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) बाईच्या वेषातल्या मित्राची ओळख करून देताना लिंगाची जी गफलत होते, ती इंग्रजीत शब्दशः नेताच येत नाही, कारण तिथे ‘माझा’ आणि ‘माझी’ला एकच शब्द. पण तीच चूक सर्वनामात करवली की विनोद पुन्हा उभा राहतो. हे सुचायला दोन्ही भाषांत हसू शकणारा माणूस हवा, आणि त्याच्या हाती अंतिम संकलनाची प्रत प्रदर्शनाच्या निदान तीन आठवडे आधी पडायला हवी.

कौटुंबिक चित्रपटांचं दुखणं वेगळं. त्यांची बांधणी मध्यंतराभोवती असते, आणि इथे बहुतेक ठिकाणी मध्यंतर घेतच नाहीत. पाटी येते, जाते, आणि लगेच पुढचा प्रसंग सुरू. चहा-वड्याच्या पंधरा मिनिटांत मुरावा म्हणून लिहिलेला धक्का मुरतच नाही. त्यामुळे उत्तरार्धाची पोकळी इथे जास्त उघडी पडते. ‘बाईपण भारी देवा’मध्ये (२०२३) मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची पूर्वार्धातली कुरबुर अस्सल आहे. प्रत्येकीचा सल वेगळा, बोलण्याची धारही वेगळी. शेवटाकडे मात्र वर्षानुवर्षांचे अबोले रडारडीत फार झटपट सुटतात. अशा अबोल्यातून बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तो लागताना दिसायला हवा होता.

‘झिम्मा’बद्दलही (२०२१) स्पष्ट बोललं पाहिजे. इंग्लंडच्या सहलीला निघालेल्या बायकांची आपसातली जुळणी हेमंत ढोमे यांनी छान साधली आहे, आणि एवढ्या बायकांना एकाच चित्रपटात बोलायला जागा मिळते ही मोठी गोष्ट. इंग्लंड मात्र पाहण्याच्या ठिकाणांपुरतंच उरतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून उभं आहे. इथे मराठी म्हातारपण आहे, घरभाड्याची ओढाताण आहे, आजीशी इंग्रजीत भांडणारी नातवंडं आहेत. या माणसांवरचा विनोदी चित्रपट अजून कुणीतरी लिहायला हवा.