सुविधेचा लाभ घेताना

आमच्या कॉलेजात मुलींसाठी नवं स्वच्छतागृह झालंय. झालंय म्हणजे अगदी पूर्ण. फरशी, आरसा, बेसिन, दारावर निळी पाटी. फक्त दाराला कुलूप आहे आणि किल्ली शिपाईमामांच्या कंबरेला. परवा तिसऱ्या तासानंतर मी त्या कुलपासमोर उभी होते. माझी तेव्हाची अवस्था ललित लेखात मावण्यासारखी नाही.

"मामा, किल्ली द्या ना."

"कशाला?"

मी टी. वाय. ला मराठी विशेष घेतलंय. अभिधा, लक्षणा, व्यंजना या तिन्ही शब्दशक्ती परीक्षेपुरत्या मला येतात. त्या "कशाला"पुढे तिन्ही आटल्या.

"बाथरूमला जायचंय, मामा."

"मग मागं हाय की."

मागं म्हणजे जुनं. सायकल स्टँडच्या पलीकडे, बाभळीखाली. त्याच्या दाराला कडी नाही, त्यामुळे तिथे एकटीने जाता येत नाही. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं आणि कोणी येताना दिसलं की मोठ्याने खोकायचं. माझी दार धरणारी मैत्रीण त्या दिवशी आलीच नव्हती, तिच्या रानात ऊसतोड लागली होती.

"तिथं कडी नाही, मामा."

"आमच्या टायमाला भिंत नव्हती."

"मग हे नवं कुणासाठी बांधलंय?"

"नॅकसाठी," मामा म्हणाले, आणि खुर्ची सरकवून बसले. आता हा विषय लांबणार, हे मला आणि माझ्या मूत्राशयाला एकदमच कळलं.

नॅक ज्यांना माहीत नाही ते भाग्यवान. १९९४ साली स्थापन झालेली, बंगळूरूला मुख्यालय असलेली ही संस्था देशभरातल्या कॉलेजांचं मूल्यमापन करते. कॉलेजने आधी स्वतःबद्दल जाडजूड अहवाल लिहायचा, मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती येऊन बघणार. सात निकष, चारपैकी सरासरी गुण, त्यावरून श्रेणी. २.५१ ते २.७५ म्हणजे बी प्लस, २.७६ पासून बी डबल प्लस. आमच्या कॉलेजला मागच्या खेपेला २.७१ मिळाले. पाच शतांशांनी एक अधिकचिन्ह हुकलं. ते कुठे हुकलं यावर स्टाफरूममध्ये अजून तट आहेत. मामांना मात्र शंका नाही.

"पाच पैसे संडासात गेले," मामा म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलंय. कमिटीत एक म्याडम हुत्या. लायब्ररी बघितली, खूश. पोरींनी लेझीम केलं, खूश. मग म्हणाल्या, जरा जाऊन येते. सर लोकांची नुसती पळापळ. मी हीच बादली घेऊन पुढं. म्याडम आत गेल्या, बाहेर आल्या, एक शब्द बोलल्या न्हाईत. नंतर चहा दिला. घेतला न्हाई. बशीत तसाच! साय आली त्याच्यावर. तवाच मी प्रिन्सिपल सायबांना म्हणलं, सायब, हे काय खरं न्हाई."

"पण मामा, तेव्हा टॉयलेट वाईट होतं म्हणून गुण गेले. आता चांगलं झालंय, तर वापरू द्या ना."

"वापरलं की परत वाईट हुणार."

"असं कसं?"

"तुम्ही आरशाला टिकल्या चिकटवता. बेसिनात केस टाकता. परवा एका म्याडमनी नुसते हात धुतले, डाग जाईना. आणि कमिटी आली तर काय टिकल्या बघायला येणार का?"

"तुम्ही तरी आत जाता की नाही?"

"रोज. पुसायला. चप्पल काढून जातो."

"चप्पल काढून? अहो मामा, लेडीज टॉयलेट आहे ते."

"म्हणून तर काढतो."

यावर काय बोलणार? मी दुसरा मार्ग धरला. म्हटलं, मामा, मी तीन वर्षं फी भरतेय. मामांनी माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "तू तीन वर्षांचं गिऱ्हाईक हायस, बाळा. नॅकचा ग्रेड पाच वर्षं टिकतो."

दुर्दैवाने हे खरं आहे.

फीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमची फीची पावती हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. जिमखाना शुल्क आहे. जिमखान्यात कॅरमबोर्ड आहे, स्ट्रायकर नाही. वैद्यकीय तपासणी शुल्क आहे. तपासणीत उंची मोजतात. "अश्वमेध"च्या नावाने पैसे घेतात, ते विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवासाठी असतात म्हणे, पण घोडा काही आमच्या तालुक्याकडे फिरकलेला नाही. ग्रंथालय शुल्क आहे. नॅकच्या तयारीत ग्रंथालयाच्या भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम रंगवले, १९३१ साली त्यांनी ग्रंथरूपात मांडलेले. पहिला नियम, "ग्रंथ उपयोगासाठी आहेत." तो ज्या कपाटाच्या बरोबर वर आलाय त्या कपाटाला कुलूप आहे. चौथा, "वाचकाचा वेळ वाचवा", हा खिडकीच्या वर आलाय. त्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवायची आणि ८९१.४६ क्रमांकाखालचं, म्हणजे आपल्याच भाषेतलं, पुस्तक येण्याची वाट बघत उभं राहायचं. पुस्तक येत नाही. "बाइंडिंगला गेलंय" असं उत्तर येतं. पेंटर आमचे पैसे घेऊन गेला असेल, पण माणूस जागा निवडण्यात हुशार.

असो. मामांपाशी येऊ.

"अर्ज आण," मामा शेवटी विरघळले. "क्लास टीचरची सही, ऑफिसचा शिक्का."

"विषय काय लिहू?"

"किल्ली मिळणेबाबत."

"आणि कारण?"

मामा विचारात पडले. खरोखर पडले, कपाळाला हात लावून. "कारण खाजगी, असं लिही." मग जरा थांबून, "पण हेडक्लार्क जेवायला गेलेत. अर्ध्या तासात येतील."

तेवढ्यात कॉरिडॉरमधून आमचे एक सर मोबाईल समोर धरून आले. नॅकच्या फाईलला प्रत्येक सुविधेचा जिओटॅग फोटो लागतो, खाली अक्षांश-रेखांश उमटलेला, म्हणजे स्वच्छतागृह याच पृथ्वीवर आहे याची खात्री. "अरे वा, विद्यार्थिनी आहेच!" सर म्हणाले. "मामा, उघडा." मामांनी मुकाट्याने कुलूप काढलं. अर्ज नाही, सही नाही, शिक्का नाही.

मी आत शिरले. थंडगार पांढरी फरशी, फिनेलचा वास, कोपऱ्यात प्लास्टिकची फुलं. भिंतीवर सॅनिटरी नॅपकिनचं यंत्र, पाच रुपयांचं नाणं टाका असं लिहिलेलं. काचेतून बघितलं तर आत एकही नॅपकिन नाही. आणि शेजारी एक दार, दाराला आतून कडी. स्टीलची, चकचकीत, नवी कोरी.

"बेसिनपाशी उभी राहा. हात धुतेयस असं दाखव. हसू नको. जरा हस." मी नळ फिरवला. पाणी नाही. "व्हॉल्व्ह बंद हाय," मामा दारातून म्हणाले, "पाणी सोडलं की वल पडती." सर म्हणाले, फोटोत पाणी कुठे कळतंय. मी कोरडे हात कोरड्या हातांवर चोळले. फोटो निघाला. सरांनी तिथेच फाईलला नाव दिलं, "सुविधेचा लाभ घेताना विद्यार्थिनी".

"सर, आता आलेच आहे तर पाच मिनिटं..."

"अगं, अजून रॅम्पचा फोटो राहिलाय," म्हणत सर निघून गेले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे, मग फरशीवर उमटलेल्या दोन ठशांकडे. "बघ," म्हणाले. "म्हणून सांगत हुतो." कुलूप लागलं.

मी गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकूंकडे गेले. आम्ही सगळ्या तिथेच जातो. काकूंचं घर दुकानाच्या मागे आहे आणि त्या कधी नाही म्हणत नाहीत. फुकट जायला लाज वाटते म्हणून प्रत्येक जण एक झेरॉक्स काढते. माझ्याकडे आधार कार्डाच्या इतक्या प्रती साठल्यात की उद्या सरकारकडचा माझा डेटा उडाला तर मी पुरवू शकेन. चौथ्या निकषातल्या पायाभूत सुविधा आणि सातव्यातली लिंगभाव समानता, दोन्हींचे गुण काकूंना द्यावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वर्गात हे सांगितलं की सगळ्या हसतात. मीही हसत हसतच सांगते. पण आमच्यातल्या निम्म्या मुली सकाळच्या एसटीने येतात. साडेसहाला घर सोडतात, दोननंतर परत पोचतात, आणि तेवढा वेळ पाणी पीत नाहीत. विसरून नाही, ठरवून. कॉरिडॉरमध्ये देणगीतून आलेला वॉटर कूलर आहे, त्यावर देणगीदाराच्या आजोबांचं नाव आहे, आणि त्यातलं पाणी फक्त मुलं पितात. एकीला लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पीत जा. पाळीच्या दिवसांत कितीतरी जणी येतच नाहीत, मग पंचाहत्तर टक्के हजेरी भरत नाही म्हणून नोटीस बोर्डावर नावं लागतात. त्या यादीत मुलांची नावंही असतात. ती टपरीवर बसलेली असतात. सरांच्या बोलण्यात दोघांना एकच शब्द असतो, बेफिकीर. मला मामांचा राग येत नाही. त्यांना कुणीतरी किल्ली दिली आणि पुसायला सांगितलं, ते पुसतायत. ज्यांनी किल्ली दिली त्यांच्या केबिनला आतून बाथरूम आहे.

काल नॅककडून मेल आला. विद्यार्थ्यांची समाधान पाहणी असते, प्रश्नावली थेट आमच्या ईमेलवर येते. बहुतेक प्रश्न शिकवण्याबद्दलचे, उत्तरं शून्य ते चार. सरांनी ग्रुपवर आधीच सांगून ठेवलं होतं की सगळीकडे चार द्या, कॉलेज आपलंच आहे. शिकवण्याबद्दल मी चार दिलेही, आमच्या मराठीच्या बाई चारच्या वर आहेत. शेवटी तीन सूचना लिहायला जागा असते. तिथे "नाही" लिहा, असाही निरोप होता.

मी लिहिलं: एक, कडी. दोन, कडी. तिसऱ्या जागी आधी "किल्ली" लिहिलं होतं. मग वाटलं, त्यावरून मामांचीच चौकशी लावतील. खोडलं आणि तिथेही कडीच लिहिली.