दमट हवा अतिनील किरण अडवत नाही

"कोकणच्या दमट हवेतलं बाष्प अतिनील किरण शोषून घेतं. उरलंसुरलं आपली सावळी कातडी बघून घेते. आभाळ असेल तर प्रश्नच नाही. टोपी, गॉगल ही शहरी थेरं." हा मेसेज मला चौथ्यांदा आला, म्हणून लिहितोय.

आधी बाष्प. ते धरून ठेवतं उष्णता, म्हणजे अवरक्त किरण. अतिनील किरण अडतात ते वर ओझोनच्या थरात; बाष्पाचा त्यात जवळजवळ हात नाही. गफलत होते, कारण अतिनील किरण ना दिसतात, ना चटका देतात. अंगाची काहिली झाली की आपण ऊन कडक म्हणतो, खारा वारा सुटला की उतरलं म्हणतो. होडीत गार वाऱ्यावर दुपार काढलेल्याची मान दोन दिवसांनी सोलते ती उगाच नाही.

आभाळ? काळ्या दाट ढगांनी बरंच अडतं, कबूल. पातळ ढगांतून मात्र ८० टक्क्यांपर्यंत पार होतं. मुंबईत शून्य सावली दिवस दोनदा येतो, मेच्या मध्याला आणि जुलैअखेर. दुसरा पावसात हरवतो इतकंच; सूर्य तेवढाच डोक्यावर असतो. श्रावणात दुपारी लख्ख उघडीप पडली की अतिनील निर्देशांक ११ सहज गाठतो. काळजी ३ पासूनच घ्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सावळ्या कातडीचं म्हणणं निम्मं खरं. मेलॅनिन या कातडीतल्या रंगद्रव्यामुळे त्वचेचा कर्करोग आपल्यात गोऱ्यांपेक्षा खूपच कमी. वांग मात्र आपल्याच गालांवर जास्त उठतो.

आणि डोळ्यांचं काय? आमच्या शेजारचे आबा रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढून ओढून रापलेले. कातडीला काही झालं नाही. पण डाव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी, त्रिकोणी मांस सरकत बुबुळावर आलं. ते म्हणायचे, "वाळू गेली असंल." धूळ-वाऱ्याचा हात असतोच, पण मुख्य कारण वर्षानुवर्षांचं अतिनील. ते नुसतं वरून येत नाही. कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्के परत फेकतो. म्हणून टोपी असली तरी गॉगल लागतो.

दमटपणाचा खरा परिणाम उलटाच. घामाबरोबर सनस्क्रीन क्रीम वाहून जातं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं.

गॉगलबाबत एवढं खरं, की अतिनील न अडवणारी नुसती काळी काच घातकच. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आणखी आत शिरतात.