आम्ही, आपण आणि मी

माझी भाची अकरावीपासून माझ्याकडे नाशिकला राहते. गंगापूर रोडवरून तिचं कॉलेज चालत दहा मिनिटांवर आहे, आणि शनिवारी दुपारी आम्ही दोघी निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी जातो. गेल्या काही महिन्यांपासून ती एका इंग्रजी निबंधावर बसली होती. अमेरिकेतली एक संस्था दरवर्षी विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा घेते. कादंबरी वाचायची, त्यांनी दिलेल्या प्रश्नांपैकी एक निवडायचा आणि लिहायचं. जगभरातली मुलं त्यात भाग घेतात, बक्षिसं डॉलरमध्ये असतात. तिला कुणी शिक्षकांनी सांगितलं नव्हतं. मोबाईलवर तिचं तिलाच सापडलं. पुस्तकही तिथेच फुकट मिळालं.

ही संस्था म्हणजे आयन रँड इन्स्टिट्यूट. अमेरिकन कादंबरीकार रँड बाई १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारल्या, आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांचे शिष्य लेनर्ड पाइकॉफ यांनी कॅलिफोर्नियात ती सुरू केली. ना नफा तत्त्वावर, देणग्यांवर चालते. काम एकच, रँड यांचं व्यक्तिवादाचं तत्त्वज्ञान तरुणांपर्यंत पोचवायचं. माणूस स्वतःच्या बुद्धीने जगतो, त्याचं आयुष्य त्याच्या मालकीचं आहे, ते समाजासाठी किंवा सरकारसाठी वाहून टाकणं हा त्याचा धर्म नाही, असा त्याचा गाभा. शिक्षकांनी मागणी केली की वर्गाला पुरतील इतकी पुस्तकं संस्था फुकट पाठवते. अशा लाखो प्रती त्यांनी वाटल्या आहेत. पुढे ज्याला गोडी लागली त्याच्यासाठी व्याख्यानं, अभ्यासक्रम, परिषदा. एका बाईच्या चार कादंबऱ्यांवर उभं राहिलेलं हे काम चाळीस वर्षांत निफाडच्या एका कांदा उत्पादकाच्या नातीपर्यंत येऊन पोचलं. याचं मला मनापासून कौतुक वाटतं. सोळा-सतराव्या वर्षी हातात पडलेलं पुस्तक माणसाला कुठल्या कुठे नेतं, हे त्या लोकांना नीट कळलेलं आहे.

भाचीने निवडलेली कादंबरी 'अँथम'. छोटीशीच आहे, १९३८ मध्ये पहिल्यांदा इंग्लंडमध्ये छापली गेली. त्यातल्या जगात 'मी' हा शब्दच उरलेला नाही. माणसाला नाव नाही, एक शब्द आणि पुढे आकडे. कुणी काय काम करायचं ते मंडळ ठरवतं. गोष्टीतला मुलगा स्वतःबद्दल बोलतानाही 'वुई' म्हणतो, कारण दुसरा शब्द त्याला माहीतच नाही. शेवटी त्याला तो हरवलेला 'मी' सापडतो. रँड यांचा जन्म १९०५ चा, सेंट पीटर्सबर्गचा. बोल्शेविकांनी वडिलांचं औषधांचं दुकान ताब्यात घेतलेलं त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलं आणि १९२६ मध्ये देश सोडला. तेव्हा 'सगळ्यांचं' या शब्दाची त्यांना जी धास्ती होती ती पुस्तकं वाचून आलेली नव्हती, घरातून आलेली होती.

आता त्या शनिवारचं सांगते. नाना, म्हणजे माझे वडील, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, कांदा निवडत बसले होते. उन्हाळ कांदा साठवला की मधून मधून चाळ फोडून बघावीच लागते. कोंब आलेला बाजूला, काजळी धरलेला बाजूला, सडका वेगळ्या पाटीत. भाची समोर पोत्यावर बसली आणि म्हणाली, आजोबा, गोष्ट ऐकता का? इंग्रजी पुढे धरून मराठीत सांगायला लागली. "आम्ही हे लिहितोय हे पाप आहे. आम्ही एकटेच आहोत..."

नानांनी हातातला कांदा तसाच धरला. "थांब. आम्ही म्हणजे कोण? मला धरून का मला सोडून?"

ती म्हणाली, "आजोबा, इंग्रजीत एकच शब्द आहे."

"मग तिथंच घोळ झालाय," नाना म्हणाले आणि कांदा पाटीत टाकला.

माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच चाललंय. मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवते. 'वुई' म्हणजे आम्ही किंवा आपण, संदर्भाने घ्या, असं हजार वेळा फळ्यावर लिहिलंय. पण हा फरक व्याकरणापुरता नाही, हे मला नानांनी कांदे निवडता निवडता दाखवलं. 'आम्ही' म्हणताना समोरचा बाहेर असतो. 'आपण' म्हणताना तो आत असतो. मराठी माणूस हे दिवसातून शंभर वेळा करतो आणि कधी चुकत नाही. तीन वर्षांचं पोरही चुकत नाही.

आता आपल्या घरांमध्ये काय बोललं जातं ते ऐका. "आम्ही ठरवलंय, तिला सायन्सला घालायचं." "आमच्यात असं चालत नाही." "आम्ही स्थळ बघितलंय." जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती समोरच उभी असते, हातात चहाचा ट्रे असतो, आणि त्या 'आम्ही'मध्ये सगळं घर असतं, चुलते असतात, भावकी असते, फक्त ती नसते. माझ्या भावानेही दहावीनंतर हेच वाक्य म्हटलं होतं. भाचीला कला शाखा घ्यायची होती, पुढे कायदा शिकायचा होता. आम्ही तिला सायन्सला घातलं. आम्ही म्हणजे मीसुद्धा, मी तिथे गप्प बसले होते. आज ती फिजिक्सच्या वहीत मागच्या पानांवर रँडवरचा निबंध लिहिते, यात माझाही वाटा आहे.

म्हणून या मुलांना रँड बाई का आवडतात, ते मला कळतं. आजवर त्यांना कुणी म्हटलेलंच नसतं की तुझं आयुष्य तुझं आहे. पहिल्यांदा म्हणणारी व्यक्ती परकी असली, इंग्रजीत बोलणारी असली तरी ते वाक्य आतवर जातं. आणि नाशिक जिल्ह्यात तर त्याला वेगळं बळ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. भाचीने ते वर्ष घरात बघितलंय. आपण पिकवलेलं कुठे विकायचं ते दिल्लीत बसलेलं कुणीतरी ठरवतं, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 'ॲटलस श्रग्ड' या १९५७ च्या कादंबरीत कर्तबगार माणसं संप करतात, कामं सोडून निघून जातात आणि जगाचं चाक थांबतं, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, "म्हणजे आजोबांनी केलं तसं?"

हो, बरंचसं तसंच. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतकरी संघटनेचं ऊस आणि कांद्याचं आंदोलन झालं. उसाला टनाला ३०० रुपये भाव ही मागणी होती. रस्ते अडवले, रेल्वे अडवली, हजारो शेतकरी तुरुंगात गेले. नाना तेव्हा पंचविशीत होते, छातीवर लाल बिल्ला. मी दोन वर्षांची. संघटनेचे नेते शरद जोशी म्हणजे स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेला माणूस. त्यांचं म्हणणं अनुदान द्या, कर्ज द्या असं नव्हतंच. 'भीक नको, हवे घामाचे दाम.' सरकारने आमच्या मालाच्या भावात हात घालू नये, बाजार मोकळा ठेवावा, मग शेतकरी कुणाच्या दारात उभा राहणार नाही. व्यक्तीचं स्वातंत्र्य, मालमत्तेचा हक्क, खुला बाजार हे सगळं कॅलिफोर्नियातून येण्याआधी पिंपळगाव बसवंतच्या चौकात, मराठीत, सातवी शिकलेल्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगून झालं होतं. आणि ऐकणाऱ्यांना ते पटलं होतं.

फरक एवढाच, की तिथे 'मी' एकटा डोंगरावर उभा नव्हता. तो दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून रस्त्यावर बसला होता, आणि कुणी जबरदस्तीने बसवला नव्हता. ते 'आपण' होतं.

या बाबतीत रँड बाईंवर अन्याय करायचा नाही मला. माणसांनी आपखुशीने एकत्र यायला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचं भांडण होतं ते जबरदस्तीशी. पण त्यांच्या कादंबऱ्या वाचून उठलेल्या मुलाच्या मनात जे चित्र राहतं ते एकट्या, उंच, कुणाचं काही देणं न लागणाऱ्या माणसाचं असतं. परोपकाराला त्यांनी सरळ वाईट म्हटलंय. स्वार्थ हा सद्गुण आहे असं म्हटलंय, आणि त्याच नावाचं पुस्तक १९६४ मध्ये काढलंय. मराठीत स्वार्थी वेगळा, आप्पलपोटा वेगळा, मानी वेगळा, स्वाभिमानी वेगळा. रँडना म्हणायचंय ते बहुतेक ठिकाणी 'मानी' या शब्दाच्या जवळ जातं. पण सतरा वर्षांच्या पोराला हा फरक कुणी सांगितला नाही, तर 'मी कुणाचं काही देणं लागत नाही' एवढंच घेऊन ते उठतं. माझ्या वर्गात अशी मुलं मी पाहिली आहेत. हुशार असतात, आणि वर्गातल्या कच्च्या मुलाला वही द्यायची बंद करतात. मला ते बघवत नाही.

संघटनेचं चांदवडचं अधिवेशन मला आठवतं. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६, शेतकरी महिलांचं. मी आठ वर्षांची होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आईच्या मांडीवर बसून गेले. भाकऱ्या, ठेचा, धडप्यात बांधलेला कांदा. मैदानभर पदरच पदर दिसत होते. भाषणं मला काय कळणार? पण परत येताना ट्रॉलीतल्या बायका ज्या आवाजात बोलत होत्या, तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. पुढे नव्वदच्या आसपास संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. बायकोच्या नावावर जमीन करा, उपकार म्हणून नको, तिचं देणं आहे म्हणून करा. नाना तलाठ्याकडे गेले. गावातले लोक हसले, चुलत्यांनी महिनाभर बोलणं टाकलं. "आमच्यात असं होत नाही" हे तेव्हाही ऐकलं. दीड एकर आईच्या नावावर झाली.

तो सातबारा आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत, शालूच्या खाली ठेवलाय. मधून मधून काढून बघते. वाचता येतं तिला, हळूहळू, बोट लावून. लग्नात तांदळात नवीन नाव काढलं होतं तिचं, माहेरचं नाव हाक मारायलाही कुणी उरलं नव्हतं. स्वतःचं नावही जिला ठरवून दिलं गेलं, तिच्यासाठी त्या कागदावरची ती ओळ म्हणजे 'मी' होता. आणि तो तिला एकटीला सापडला नाही. हजारो बायका ट्रॉल्यांमधून चांदवडला गेल्या तेव्हा सापडला.

भाचीला मी पंचवटीत घेऊन गेले. काळाराम मंदिराच्या दारात उभं राहून तिला सांगितलं की २ मार्च १९३० ला इथे बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढे होते, आणि तो वर्षानुवर्षं चालला. तरी दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, इथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर येवल्याला त्यांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. जन्माने दिलेला 'आम्ही' नाकारणारं याहून मोठं वाक्य मला माहीत नाही. याच माणसाने ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं की मसुद्याने गाव टाकून देऊन व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे. ती दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, हे आम्हाला इतिहासात तारखा म्हणून होतं."

हेच माझं दुखणं आहे. आगरकर घ्या. १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, बुद्धीला पटेल तेच बोलायचं असं व्रत घेतलं, मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या म्हणाले. पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, मत बदललं नाही. परीक्षेत त्यांच्यावर टीप येते, चार गुणांची. त्यांचा एक निबंध सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन "तुला काय वाटतं ते लिही, चुकलं तरी चालेल" असं महाराष्ट्रात किती ठिकाणी म्हटलं जातं? तिकडच्या लोकांनी ते केलं. त्यांना आपल्या विचाराची किंमत वाटली म्हणून त्यांनी खिशातले पैसे घालून पुस्तकं छापली, टपालखर्च सोसला, परीक्षक बसवले. रँडच्या हिशोबात हा त्याग नाहीच, ज्याचं मोल वाटतं त्यावर केलेला खर्च आहे. मग आम्हाला आगरकरांचं, बाबासाहेबांचं, शरद जोशींचं मोल वाटत नाही का? आमचा खर्च पुतळ्यांवर, जयंतीच्या डीजेवर आणि फ्लेक्सवर होतो.

भाचीने निबंध पाठवला. त्यात तिने एक परिच्छेद घातलाय, की माझ्या भाषेत 'वुई'ला दोन शब्द आहेत आणि या गोष्टीतल्या मुलावर त्यातल्या एकाच शब्दाने अन्याय केलाय. परीक्षकांना कळेल का माहीत नाही, मी काढायला सांगितला नाही. भावाशी ती स्वतः बोलली, बारावीनंतर कायद्याची प्रवेश परीक्षा देणार म्हणून. मी या वेळी गप्प बसले नाही. तो अजून पूर्ण तयार नाही.

मी आणि कॉलेजमधल्या दोन मैत्रिणींनी मिळून आगरकरांचे काही निबंध, येवल्याचं आणि ४ नोव्हेंबरचं भाषण, आणि चांदवडची थोडी माहिती अशी एक छोटी पुस्तिका झेरॉक्स करून बांधून घेतलीय. साठ प्रती आहेत. नाशिक, निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला इथलं कुणी सोळा ते एकोणीस वर्षांचं तुमच्या ओळखीत असेल तर मला निरोप करा, मी पोचवीन. पैसे नकोत, पुस्तिका परतही नको. वाचून झाल्यावर स्वतःच्या घरातल्या एखाद्या निर्णयाबद्दल एक पान लिहून द्यायचं, मराठीत, आणि त्या पानात जिथे जिथे 'आम्ही' आलाय तिथे खाली रेघ मारून त्यात कोण कोण आहे त्यांची नावं लिहायची.