सहा इंचांची पायरी

आज एका तलावाच्या बोर्डवॉकच्या, म्हणजे पाण्यावर खांबांवर उभारलेल्या फळ्यांच्या पायवाटेच्या, तोंडाशी जे पाहिलं त्यानं डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की कमेंटमध्ये फक्त पक्ष आणि नगरसेवक येतात.

बाहेर चकचकीत फलक: 'निसर्गप्रेमींसाठी सुलभ पायवाट'. आणि फळ्या सुरू होतात तिथे काँक्रीटची सहा इंची पायरी. व्हीलचेअरवर एक आजी, मागे नात. नातीनं खुर्ची कलवून बघितली, उलटी फिरवून ओढून बघितली. वॉचमनदादा धावत आले, तर आजीच म्हणाल्या, "राहू दे गं, इथूनच दिसतंय की." दिसत काय होतं? कचऱ्याचा डबा आणि 'आय लव्ह' वाली मोठी लाल अक्षरं.

सहा इंच म्हणजे 15 सेंमी. 1:12 च्या उतारानं, म्हणजे उंचीच्या बारापट लांबीनं, चढायचं तर 180 सेंमीचा रॅम्प लागतो. सहा फूट, बास! वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, खुर्ची वळायला. एवढी जागा त्या लाल अक्षरांना मिळाली, आजींना नाही. ठेकेदाराला बोलून काय उपयोग, त्यानं नकाशात होतं ते बांधलं. नकाशा काढणाऱ्यानं व्हीलचेअर कधी ढकललेली नाही, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

मुळात आपल्याकडे तलावाकाठी चालायची सोय म्हणजे काय करतात? काठ बुजवतात. दगडी पिचिंग (उतारावर दगडांचं अस्तर), त्यावर भराव, त्यावर पेव्हर ब्लॉक. मुंबईतल्या पवई तलावाचं सगळ्यांना आठवत असेल. तलावाभोवती सायकल आणि जॉगिंग ट्रॅक, त्यासाठी पाण्याच्या कडेला गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या जाळ्यांच्या पेट्या. त्यातून पाणी झिरपतं म्हणून निसर्गाला धक्का नाही, असं सांगितलं गेलं. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयानं काम बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितलं. पाणी झिरपेल हो, पण गुडघाभर पाण्याची ती चिखलाची पट्टी गेली त्याचं काय? ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, तिथेच उभी असते. शेकाट्या पक्षी तिथेच चोच घालतो. आणि पवईच्या मगरी उन्हाला याच काठावर येतात.

बोर्डवॉक पायांवर उभा असतो. खाली पाणी, चिखल, बेडूक, सगळं जागच्या जागी राहतं. पणजीत रुआ द ओरेम रस्त्याच्या कडेनं खारफुटीतून असा लाकडी रस्ता काढलाय, बघून या. बोर्डवॉकही शेवटी बांधकामच, मान्य. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत, नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत बोटींचे धक्के सोडून पक्कं बांधकाम चालत नाही. म्हणून परवानगी आधी, नारळ नंतर. आणि जोडणी नट-बोल्टची हवी, उद्या उचलायची वेळ आली तर उचलता यावी.

ज्यांना वाटतं फळ्या ठोकल्या की झालं, त्यांच्यासाठी थोडं तपशिलात.

फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या टाकल्या की व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक फटीत शिरतं आणि माणूस तोंडावर आपटतो. फट 6 ते 8 मिमी, फार तर 12. लाकूड पावसात फुगतं, म्हणून अजिबात फट नसेल तर फळ्या उचलल्या जातात. ओलं लाकूड वापरलं तर सुकून हीच फट बोटभर होते आणि काठीचं टोक अडकतं. खिळे तर नकोतच. फुगण्या-आकसण्यानं ते वर येतात आणि अनवाणी पोरांच्या पायात घुसतात. स्टेनलेस स्क्रू, प्रत्येक फळीला खालच्या प्रत्येक वाशावर दोन. वाशांमधलं अंतर लाकडाला 40 सेंमी चालतं. प्लास्टिकमिश्रित फळ्यांना 30 ठेवा, नाहीतर उन्हात झोळ पडतो.

कुजतं कुठे? खांब जिथे पाण्याला टेकतो तिथे. कायम पाण्यात असलेला भाग बराच टिकतो. रोज भिजतो आणि सुकतो तो आधी जातो. म्हणून खालचे खांब गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे किंवा काँक्रीटचे आणि लाकूड त्यावर. वाशांच्या माथ्यावर डांबरी पट्टी चिकटवा, स्क्रूच्या भोकातून पाणी उतरत नाही. खांब कडक थरापर्यंत जायला हवेत, नुसते चिखलात रोवले तर दोन पावसाळ्यांत सगळा रस्ता पापडासारखा वाकडा होतो. उंची पुराच्या पातळीच्या वर किमान 30 सेंमी. त्याहून खाली ठेवलात तर वाऱ्यानं आलेली जलपर्णी खांबांना अडकून पूर्ण रेटा देते.

आणि ते चकाकणारं ऑइल पेंट! पहिल्या पावसात त्यावर उभं राहून दाखवा. कोणी कोंबडीजाळी ठोकतं, ती वर्षात गंजते आणि तारा वर येतात. खरखरीत पट्ट्या लावा. पावसाळ्याआधी आणि मग दर महिन्याला कडक ब्रशनं साध्या पाण्यानं शेवाळ घासा. ब्लीचिंग पावडर नको, ती थेट तलावात जाते.

चिडून लिहितोय खरं, पण आजींना काय बघायला मिळालं असतं तेही सांगतो. त्या बोर्डवॉकच्या वळणावर पाणवनस्पतींत टिबुकलीचं, म्हणजे बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याचं, तरंगतं घरटं आहे. ती घरट्यातून उठते तेव्हा ओली पानं ओढून अंडी झाकते, मग बुडी मारते, आणि बाहेर निघते ती भलतीकडेच. हे बसल्या उंचीवरून फार छान दिसतं, उभ्या माणसापेक्षाही छान, जर कठडा आड आला नाही तर. आणि येतोच! साडेतीन फुटांची स्टीलची भक्कम फळी, नेमकी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. पाणी खोल आहे तिथे कठडा हवाच, पोरं पडतात, पटलं. पण मधे पातळ तारा ओढा. गुडघाभर पाण्यावर, पाणी खरंच उथळ राहत असेल तर, 10 सेंमीची कड पुरते, चाक घसरू नये एवढ्यापुरती. रुंदी 180 सेंमी, म्हणजे दोन खुर्च्या समोरासमोर जातात आणि त्याहून जास्त सावली पाण्यावर पडत नाही. सावलीत खालची पानं मरतात, मग टिबुकलीही जाते.

रात्रीचे रंगीत दिवे कशाला लागतात हे मला अजून कळलेलं नाही. ब्लूटूथ स्पीकरवाल्यांबद्दल लिहीत नाही, फेसबुक पोस्ट उडवेल.

तुमच्या गावात तलाव सुशोभीकरणाचा आराखडा हरकतींसाठी लागला असेल तर मुदतीत लिहून द्या: काठ बुजवायचा नाही, प्रवेशाला 1:12 चा रॅम्प, आडव्या फळ्या, रात्री अंधार, आणि निविदेतच पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे वेगळे. शेवटचं सोडू नका. ते नसलं की तुटलेल्या फळीवर प्लायवूडचा तुकडा ठोकला जातो आणि वर फ्लेक्स लागतो, 'कार्य प्रगतीपथावर'.